केमोची पिक लाइन: गुठळीच्या बाजूने केलेलं परीक्षण

मिरजेत केमो सुरू करायचं ठरलं की पहिल्या-दुसऱ्या भेटीतच कागदावर ‘पिक लाइन’ किंवा ‘केमोपोर्ट’ असं लिहून येतं आणि घरच्यांनी संध्याकाळपर्यंत काय ते सांगायचं असतं. मेडिकल दुकानाच्या काउंटरवर उभं राहून माणसं विचारतात ती कंपनी आणि किंमत. शिरेत गुठळी होण्याचा धोका कुठल्या वस्तूत किती आणि तो कशाने वाढतो, हे त्या घाईत सहसा विचारलं जात नाही. सांगली, मिरज, तासगाव, जत, शिवाय अथणी-चिकोडीकडून येणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांसाठी हे परीक्षण त्याच एका प्रश्नावर केलं आहे.

नळी लागते कशाला, ते आधी. हाताच्या बारीक शिरांना केमोची बरीच औषधं सोसत नाहीत. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि खालचं मांस जळतं. आतड्याच्या कॅन्सरसाठी पंपावर 46 तास चालणारं फाइव्ह-एफयू मनगटावरच्या साध्या सुईतून देणं धोक्याचं. म्हणून लांब, मऊ नळी घालून तिचं टोक हृदयाच्या तोंडाशी, वरच्या महाशिरेत ठेवतात. तिथे रक्ताचा ओघ मोठा असल्यामुळे औषध टोकाबाहेर पडताक्षणी पातळ होतं. पिक लाइन दंडातल्या शिरेतून तिथे जाते आणि तिचं तोंड दंडावर बाहेर लोंबतं. केमोपोर्टची नळी बहुतेक वेळा मानेच्या शिरेतून जाते, आणि गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत रुपयाएवढी डबी बसवतात. बाहेर काहीच दिसत नाही.

पिक लाइनच्या पाकिटात नळीखेरीज एक बारीक सुई, एक पातळ तार, शिरेचं तोंड रुंद करायचा आणि नंतर दोन्हीकडे सोलून काढायचा म्यान, मोजपट्टी आणि नळी कातडीवर धरून ठेवणारी चिकटपट्टी असते. नळीवर दर सेंटिमीटरला खूण छापलेली असते. बरेच जण ती शोभेची समजतात, पण नळी बसवल्यानंतर सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. पाकिटावर जाडी लिहिलेली असते ‘फ्रेंच’ या मापात. हे माप कळायला अगदी सोपं आहे: फ्रेंचला तीनने भागलं की मिलिमीटर मिळतात. 4 फ्रेंच म्हणजे साधारण 1.33 मिमी, 5 फ्रेंच म्हणजे 1.67 आणि 6 फ्रेंच म्हणजे 2 मिमी.

गुठळीचा निम्मा निकाल या आकड्यातच लागतो. नळीची जाडी शिरेच्या आतल्या रुंदीच्या 45 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, हा सध्याचा मान्य नियम आहे. पाण्याच्या पाटात जाड पाइप टाकला की बाजूने पाणी जेमतेम सरकतं आणि गाळ बसतो, तसंच शिरेत होतं. आता हिशेब करा. दंडातली शीर 3 मिमी रुंद असेल तर 4 फ्रेंचची नळी तिच्यात 44 टक्के जागा घेते, म्हणजे काठावर पास. त्याच शिरेत 5 फ्रेंच घातली तर 56 टक्के, म्हणजे नापास. 5 फ्रेंचला निदान 3.7 मिमीची शीर हवी आणि 6 फ्रेंचला 4.4 मिमीची. केमोने आणि आजाराने खंगलेल्या, अंगाने लहान बाईच्या दंडात 4.4 मिमीची शीर सापडणं सोपं नाही. म्हणून नळी बसवणाऱ्याला सरळ विचारावं, “डॉक्टर, शीर किती मिलिमीटर आहे आणि नळी किती फ्रेंचची घालताय?” सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर मोजायला मिनिटभर पुरतं. फक्त दंडाला पट्टा आवळायच्या आधी मोजलेली हवी, कारण पट्टा आवळला की शीर फुगते आणि आकडा फसवतो.

तोंडं किती, हा दुसरा प्रश्न. एका तोंडाची, दोन तोंडांची, तीन तोंडांची अशा पिक लाइन मिळतात. ‘पुढे लागलं तर असू दे’ म्हणून दोन तोंडांची घेण्याकडे कल असतो, आणि आमच्या मते या खरेदीतली सगळ्यात महागडी चूक हीच. तोंड वाढलं की नळी जाड होते. शिवाय न वापरलेलं तोंडही धुवावंच लागतं. ते धुवायचं राहतं आणि तिथेच आधी रक्त साकळतं. एका वेळी शिरेतून पोषण आणि केमो दोन्ही चालू राहणार असेल, किंवा एकमेकांत मिसळून चालत नाहीत अशी दोन औषधं सोबत द्यायची असतील, तर दोन तोंडं घ्यावीत. दर दोन-तीन आठवड्यांनी केमो घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णाला एक तोंड पुरतं.

आता जागा. दंडाच्या आतल्या बाजूची बॅसिलिक शीर पहिल्या पसंतीची: रुंद, बऱ्यापैकी सरळ आणि धमनीपासून जरा लांब. ती नाही मिळाली तर ब्रेकियल. बाहेरच्या अंगाची सेफॅलिक सगळ्यात शेवटी, कारण ती अरुंद असते आणि खांद्यापाशी वळण घेऊन मोठ्या शिरेला मिळते. टोचण्याची जागा दंडाच्या मधल्या भागात हवी. कोपराच्या खळगीत बसवलेली लाइन हात वाकवला की दर वेळी शिरेच्या अस्तरावर घासते. अस्तर खरवडलं की रक्ताला गोठायला निमित्त मिळतं. सोनोग्राफीशिवाय, बोटाने चाचपून कोपरात पिक लाइन टाकायची पद्धत आता मागे पडली आहे. कुठे तसं सुचवलं तर नको म्हणावं.

उजवी बाजू डावीपेक्षा बरी. उजवीकडून महाशिरेचा रस्ता आखूड आणि सरळ आहे, डावीकडून नळीला छातीच्या मध्यावर आडवं जाऊन वळावं लागतं. अर्थात उजव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर डावीच घ्यावी लागते.

टोक नेमकं कुठे आहे, याचा गुठळीशी सगळ्यात जवळचा संबंध. महाशिरेचा खालचा भाग, जिथे ती हृदयाच्या उजव्या कप्प्याला मिळते, ती योग्य जागा. टोक वर राहिलं, गळ्याच्या हाडामागच्या शिरेत किंवा महाशिरेच्या वरच्या तोंडाशी, तर ते भिंतीला टेकतं, औषध भिंतीवर आदळतं आणि तिथे गुठळी धरते. म्हणून नळी टाकल्यावर छातीचा एक्स-रे, किंवा टाकतानाच ईसीजीवर टोकाची जागा बघणं, यातलं एक काहीतरी व्हायलाच हवं. आणि यातल्या एकाने टोकाची खात्री झाल्याशिवाय पहिला डोस नको. नळी साधारण 55 ते 60 सेंमी लांब येते. उघड्या टोकाची नळी मापाने कापून घालतात. काप काटकोनात हवा, तिरका कापला तर ते टोक शिरेच्या भिंतीला चिकटतं.

ही सगळी माहिती डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा: किती फ्रेंच, किती तोंडं, कुठली शीर, आत किती सेंमी, बाहेर किती सेंमी, टोक कुठे, आणि कोपराच्या घडीपासून 10 सेंमी वर दंडाचा घेर किती. हा शेवटचा आकडा फार कमी कार्डांवर दिसतो. पुढे हात सुजल्यासारखा वाटला की तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं. सूज आहे आणि घेर 3 सेंमीने वाढला आहे, तर दंडातल्या खोल शिरेत गुठळी असण्याची शक्यता धरून चालायचं. घरातली शिवणकामाची टेप त्याला पुरते.

गुठळी का होते याची तीन कारणं जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांच्या 1856 सालच्या मांडणीपासून शिकवली जातात: रक्ताचा ओघ मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा आणि रक्तच गोठण्याकडे झुकलेलं असणं. पिक लाइनमध्ये पहिली दोन नळीमुळे येतात, तिसरं कॅन्सर स्वतःच घेऊन येतो. स्वादुपिंड, जठर, फुप्फुस यांच्या कॅन्सरमध्ये रक्त जास्त गोठतं. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात ते एल-अ‍ॅस्परॅजिनेज, मायलोमामध्ये (हाडांच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर) देतात ते थॅलिडोमाइड आणि लेनालिडोमाइड, ही औषधंही गुठळीचा धोका वाढवतात. आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर ते लाइन टाकायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घालाच. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं होऊ देऊ नका.

आकडे काय सांगतात? 2013 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या संकलनात, कॅन्सरच्या रुग्णांमध्ये पिक लाइनमुळे खोल शिरेतल्या गुठळीचं प्रमाण 6.67 टक्के निघालं आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत 13.91 टक्के. इतर सेंट्रल लाइनच्या (मान किंवा छातीकडून महाशिरेपर्यंत घातलेल्या नळ्या) तुलनेत पिक लाइनमध्ये गुठळीची शक्यता सुमारे अडीच पट. 2021 मध्ये ब्रिटनच्या 18 कॅन्सर केंद्रांतल्या रुग्णांवर झालेला अभ्यास त्याच नियतकालिकात आला. त्यात पोर्ट आणि पिक लाइन समोरासमोर ठेवले, तेव्हा जंतुसंसर्ग, गुठळी, नळी निकामी होणं असं सगळं मिळून पोर्टवाल्यांत 32 टक्के आणि पिकवाल्यांत 47 टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला. पिक लाइनच्या गुठळ्या बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच धरतात, आणि कितीतरी गुठळ्या मुक्या असतात: दुखत नाही, सूज नाही, डॉप्लर (रक्ताचा ओघ दाखवणारी सोनोग्राफी) केला तरच दिसतात.

मग पोर्टच घ्यावा का? उपचार तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असतील तर आमचा कौल पोर्टला. मानेतली जुगुलर शीर दंडाच्या शिरेपेक्षा कितीतरी रुंद, त्यामुळे 7-8 फ्रेंचची नळीही तिच्यात कमी जागा अडवते. उजव्या बाजूने तर ती जवळजवळ सरळ रेषेत खाली उतरते. डबी कातडीखाली असल्यामुळे आंघोळ, शेत, एसटीचा प्रवास, सगळं बरंच मोकळं राहतं. खर्चाचा हिशेबही नीट मांडावा. पोर्ट पहिल्या दिवशी महाग पडतो, पण सहा महिन्यांत पिक लाइनची 26 ड्रेसिंग होतात, दर आठवड्याला एक. आटपाडी किंवा जतहून प्रत्येक ड्रेसिंगला मिरज गाठायची तर रोजंदारी बुडते ती वेगळी. पोर्ट वापरात नसताना साधारण चार आठवड्यांनी एकदा धुतला तरी चालतो, आणि केमो चालू असताना ते काम त्याच फेरीत उरकतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार असतील तर नळीचा आणि ती बसवण्याचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारा.

पोर्टचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. बसवायला आणि काढायला छोटं ऑपरेशन लागतं. जंतुसंसर्ग झाला तर काढणं पिक लाइनइतकं सोपं नसतं. गुठळी तिथेही होते, मग मान आणि चेहरा सुजतो. गळ्याच्या हाडाखालून सबक्लेव्हियन शिरेत घातलेली पोर्टची नळी हाड आणि पहिली बरगडी यांच्या कात्रीत सापडून चेपते, कधी तुटतेही, म्हणून जुगुलरमधून घातलेली बरी. पोर्टला टोचायची सुईही वेगळी: टोकाशी वाकवलेली ह्यूबर सुई. साध्या सुईने डबीच्या रबराचे बारीक तुकडे निघतात आणि डबी गळायला लागते. घाईत साधी सुई टोचणारे भेटतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवावं. ह्यूबर सुई आत ठेवायची असेल तर सात दिवसांनी बदलायची.

सहा-आठ आठवड्यांचंच काम असेल, ऑपरेशन झेपणार नसेल किंवा प्लेटलेट इतक्या कमी असतील की डबीसाठी कातडी कापणं धोक्याचं, तर पिक लाइन चांगली वस्तू आहे. 4 फ्रेंच, एक तोंड, उजवा दंड, पॉलियुरेथेन: आमची शिफारस एवढी सोपी. पॉलियुरेथेनची भिंत सिलिकॉनपेक्षा पातळ ठेवता येते, त्यामुळे बाहेरून तेवढीच जाड नळी आतून जास्त मोकळी मिळते. पुढे सीटी स्कॅनचं औषध दाबाने द्यायचं असेल तर नळीवर तसं छापलेलं आहे का, तेवढं बघून घ्या. साध्या नळीत दाबाने औषध सोडलं तर ती फुटते.

वापर सुरू झाल्यावरची सगळ्यात मोठी भानगड अशी, की ‘लाइन चोक झाली’ या एकाच वाक्यात तीन वेगळे बिघाड सांगितले जातात. पहिला: नळीच्या आतच रक्त साकळलं. सलाईन आत जात नाही, रक्त बाहेर येत नाही. दुसरा: नळीच्या टोकाभोवती फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांची, पातळ पिशवी धरली. ती नळी घातल्यापासून चोवीस तासांतच धरायला सुरुवात होते. यात सलाईन आरामात आत जातं, पण ओढलं की रक्त येत नाही, कारण ओढताना ती पिशवी झडपेसारखी टोकावर बसते. तिसरा: नळीबाहेर, शिरेतच गुठळी. यात नळी अगदी छान चाललेली असते आणि हात सुजलेला असतो. तिसऱ्या प्रकारात ‘लाइन तर चालू आहे’ म्हणून दुर्लक्ष होतं, आणि धोका त्यातच सगळ्यात जास्त.

दुसऱ्या प्रकाराकडेही कानाडोळा नको. सलाईन जातंय म्हणून केमो सोडली, तर औषध त्या पिशवीतून नळीच्या बाहेरच्या अंगाने उलटं सरकत टोचलेल्या जागेपर्यंत येऊ शकतं आणि मांसात झिरपू शकतं. म्हणून डॉक्सोरुबिसिनसारख्या जाळणाऱ्या औषधाआधी रक्त उलटं येतंय हे डोळ्यांनी बघायलाच हवं. येत नसेल तर क्रम असा: क्लिप उघडी आहे का बघा, ड्रेसिंगखाली नळी दुमडलीय का बघा, टोकाचा कनेक्टर बदला, रुग्णाला हात वर करायला, मान वळवायला, खोकायला सांगा. तरीही नाही तर एक्स-रे काढून टोक हललंय का ते तपासा. टोक जागेवर असेल तर गुठळी विरघळवणारं औषध: अल्टेप्लेज 2 मिलिग्रॅम 2 मिलीमध्ये नळीत भरून ठेवतात, अर्ध्या तासाने ओढून बघतात, नाही आलं तर दोन तासांपर्यंत थांबतात, गरज पडली तर दुसरा डोस. युरोकायनेजही वापरतात. हे सोय असलेल्या ठिकाणीच करायचं काम, गावातल्या दवाखान्यात नव्हे. आणि नळी रक्ताने नाही तर औषधांच्या साक्याने बुजली असेल, उदाहरणार्थ फेनिटॉइन दुसऱ्या सलाईनशी मिसळून, तर या औषधाचा काही उपयोग नसतो. चोक होण्याच्या आधी नेमकं काय दिलं होतं, ते म्हणूनच सांगावं.

जोर लावून धुणं कधीही नको. 2 किंवा 5 मिलीच्या छोट्या सिरिंजचा दाब मोठ्या सिरिंजपेक्षा जास्त पडतो आणि नळी फुटू शकते. सिरिंज 10 मिलीचीच, आत भले 3 मिली औषध असेल. आधी 10 मिली सलाईन, मग औषध, मग पुन्हा 10 मिली. रक्त काढलं किंवा चढवलं असेल तर 20 मिली. सलाईन एका धारेत ढकलायचं नाही: थोडं ढकला, थांबा, थोडं ढकला. त्या धक्क्यांनी नळीच्या भिंतीला चिकटलेलं सुटतं. शेवटचा अर्धा मिली ढकलता ढकलताच क्लिप बंद करायची, म्हणजे सिरिंज काढताना रक्त मागे ओढलं जात नाही. झडपेची नळी असेल तर तिला सहसा क्लिप नसते आणि रक्त गोठू न देणारं हेपरिनही लागत नाही, पाकिटावरची सूचना पाळावी.

हेपरिनची गोष्ट जरा जपून. पोर्टमध्ये पूर्वापार 1 मिलीला 100 युनिटचं हेपरिन 5 मिली भरतात, म्हणजे एकूण 500 युनिट. नुसत्या सलाईननेही भागतं असं आता बरीच केंद्रं मानतात. पण आपल्याकडे 5 मिलीच्या ज्या बाटल्या मिळतात त्यातल्या एकीत 1 मिलीला 1000 युनिट असतात आणि दुसरीत 1 मिलीला 5000. पहिलीत सगळं मिळून 5000, दुसरीत 25,000. ‘5000’ हा आकडा दोन्हींच्या लेबलवर येऊ शकतो. दुसरी बाटली न पातळ करता पोर्टमध्ये भरली तर नेहमीच्या पन्नास पट हेपरिन जातं. पहिलीतलं 1 मिली घेऊन 9 मिली सलाईनमध्ये मिसळलं की 100 युनिटचं प्रमाण जुळतं. गावात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना हे कागदावर लिहूनच द्या, तोंडी निरोपावर सोडू नका. हेपरिन सुरू झाल्यावर पाच-दहा दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण हेपरिनमुळेच उलट गुठळ्या होण्याचा एक विरळा प्रकार आहे.

आता आपल्या भागातलं रोजचं जगणं. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, दिवसभर हात तारेला, डोक्याच्या वर. पिक लाइन असलेल्या हाताने हे काम करू नये: खांदा वर-खाली झाला की टोक आत दोन-चार सेंटिमीटर सरकतं आणि नळी शिरेला घासत राहते. म्हशीची धार काढणं, उसाची मोळी उचलणं, विहिरीवरून घागर आणणं, हेही त्या हाताला नको. पण हात मांडीवर ठेवून बसून राहणं त्याहून वाईट. मऊ चेंडू दाबणं, मनगट फिरवणं, चपाती लाटणं, केस विंचरणं, असं हलकं काम चालू राहिलं की रक्त खेळतं राहतं. भरपूर पाणी प्यायचं, डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर. जतच्या उन्हात केमोच्या मळमळीने दिवसभर पाणी पोटात गेलं नाही, तर रक्त घट्ट होतं आणि गुठळीला तेवढंच पुरतं.

घामाने ड्रेसिंगची कड सुटते. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवस चालतं, पण कड सुटली किंवा खाली ओल दिसली तर त्याच दिवशी बदलायचं. गॉजचं असेल तर दोन दिवसांनी. बदलताना बाहेरची लांबी मोजा. काल 3 सेंमी बाहेर होती आणि आज 6 आहे, तर टोक तेवढं वर आलंय. नळी आत ढकलायची नाही, एक्स-रे होईपर्यंत औषध द्यायचं नाही. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या गावांनी दोन आठवड्यांचं ड्रेसिंगचं सामान आणि सलाईनच्या भरलेल्या सिरिंज घरात ठेवाव्यात. 2019 आणि 2021 च्या पुरात रस्ते बंद पडले होते, आणि धुवायची राहिलेली लाइन पाणी ओसरायची वाट बघत नाही.

किडनीच्या रुग्णांसाठी आमचं मत ठाम आहे: क्रिएटिनिन वाढलेलं असेल, पुढे डायलिसिसची वेळ येऊ शकत असेल, तर पिक लाइन नकोच. दंडातली शीर एकदा गुठळीने बंद झाली की त्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) करता येत नाही. डायलिसिसची तात्पुरती लाइनही गळ्याच्या हाडाखालून घालू देऊ नका, उजव्या जुगुलरमधून मागा. डायलिसिसच्या लाइनमध्ये भरलेलं हेपरिन पुढच्या वेळी आधी ओढून टाकायचं आणि मगच मशीनला जोडायचं. किती मिली भरायचं तो आकडा प्रत्येक तोंडावर छापलेला असतो.

हात सुजला, खांदा किंवा मान दुखायला लागली, छातीवर निळ्या शिरा उठल्या, हात जड-निळसर वाटला, तर त्याच दिवशी डॉप्लर. तेल लावून चोळणं, शेक, लेप यातलं काहीही नको. चोळल्याने गुठळी सुटून पुढे फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला, छातीत कळ आली, थुंकीतून रक्त आलं, तर डॉप्लरचीही वाट न बघता 108 ला फोन. एक लक्षात ठेवा: गळ्याच्या हाडामागे सोनोग्राफी नीट दिसत नाही. डॉप्लर ‘नॉर्मल’ आला आणि सूज तशीच आहे, तर सीटीवर शिरा बघायला सांगा.

गुठळी सापडली की घरचे म्हणतात, आधी ती नळी काढा. तशी घाई नसते. टोक जागेवर आहे, लाइन चालू आहे, जंतुसंसर्ग नाही आणि उपचारासाठी ती हवीच आहे, तर लाइन ठेवून रक्त पातळ करण्याचं औषध देतात: पोटाच्या कातडीत टोचायचं एनॉक्सापॅरिन, किंवा रिव्हारोक्साबॅन-अ‍ॅपिक्साबॅनसारख्या गोळ्या. कोर्स निदान तीन महिन्यांचा, आणि लाइन त्यापुढेही राहिली तर बहुधा ती असेपर्यंत. जठर-आतड्यात गाठ असेल तर गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि प्लेटलेट 50,000 च्या खाली आल्या तर डोस बदलावा लागतो, म्हणून मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने औषध बदलू नये. सूज हटत नसेल, ताप असेल, लाइन निकामी झाली असेल किंवा रक्त पातळ करता येणार नसेल, तर मग काढावी लागते. गुठळी होऊ नये म्हणून प्रत्येक लाइनवाल्याला आधीपासूनच रक्त पातळ करणारं औषध द्यावं का? सरसकट नाही. तसा सल्ला कुठलीही मोठी मार्गदर्शक सूचना देत नाही, कारण रक्तस्रावाचा धोका उगाच वाढतो.

काम संपलं की पिक लाइन लगेच काढून घ्या. ‘राहू दे, लागली तर’ म्हणून ठेवलेली लाइन दर दिवशी धोका वाढवत असते. काढताना रुग्णाला आडवं झोपवायचं, नळी हळूहळू, थोडी थोडी ओढायची. अडली तर ओढायचं थांबवून दंडाला कोमट शेक द्यायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. तरीही अडली तर जोर न लावता डॉक्टरांना बोलवायचं, टोकाशी गुठळी असू शकते. बाहेर आल्यावर निदान पाच मिनिटं दाबून धरायचं, हवा आत शिरणार नाही असं ड्रेसिंग लावायचं आणि ते चोवीस तास ठेवायचं. नळीची लांबी मोजून कार्डावर लिहिलेल्या आकड्याशी जुळवायची, तुकडा आत राहिला नाही याची खात्री त्याशिवाय होत नाही.